फ्लॅकचा बिटरेट कमी दिसतोय? घाबरू नका, आधी हे वाचा

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. २० मिनिटांची वेव्ह फाइल, साधारण २१२ एमबी. फोनची मेमरी भरली म्हणून ती फ्लॅकमध्ये बदलली. बिटरेट बघितला तर १४११ केबीपीएसचा थेट ५६०! पोटात गोळाच आला. वाटलं, निम्म्याहून जास्त आवाज गेला. पण तसं नव्हतं.

१४११ हा आकडा येतो कुठून?

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये आवाजाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजणीला १६ बिट, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, म्हणजेच १४११ केबीपीएस. वेव्हमध्ये गाणं असो की नुसती शांतता, दर सेकंदाला एवढी जागा जातेच.

फ्लॅक काय करतं?

आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल, याचा फ्लॅक अंदाज बांधतं आणि तो कितीने चुकला तेवढंच लिहून ठेवतं. ऐकताना अंदाजात ती चूक मिळवली की मूळ आकडा परत मिळतो. एक बिटही हरवत नाही.

एकटीचा आवाज, मधले विसावे, दोन्ही चॅनलमध्ये जवळपास तेच रेकॉर्डिंग, अशा वेळी अंदाज छान जुळतात आणि बिटरेट खाली येतो. ढोल-ताशांच्या गजरात अंदाज जास्त चुकतात, म्हणून बिटरेट चढतो. म्हणजे एकाच दर्जाच्या मूळ फाइलींपासून बनवलेल्या फ्लॅकमध्ये बिटरेट आवाजाचा दर्जा सांगत नाही. तो आवाज किती घट्ट बांधता आला, एवढंच सांगतो. ॲपमध्ये दिसणारी ० ते ८ ही कॉम्प्रेशन लेव्हलही फक्त फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलते, आवाज नाही.

मग एमपी३?

तिथला खेळ वेगळा. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग एमपी३ कायमचा टाकून देतं. बिटरेट जितका कमी, तितकं जास्त टाकलं जातं. एमपी३ची नंतर फ्लॅक केली तर फाइल फुगते, पण गेलेलं परत येत नाही.

खात्री करायला मी ती फ्लॅक पुन्हा वेव्ह करून मूळ फाइलशी ताडून पाहिली. आवाजाचा डेटा तंतोतंत तोच निघाला. मगच मूळ वेव्ह डिलीट केली.

त्याआधीच्या दिवाळीतलं रेकॉर्डिंग मात्र मी जागा वाचवायला १२८ केबीपीएसचं एमपी३ करून ठेवलं आणि मूळ फाइल उडवली. आता आजी नाही. त्या ओव्या ऐकू येतात, पण जात्याची घरघर त्यात विरून गेलीय. तुमच्या फोनमध्ये असं कुणाचं रेकॉर्डिंग असेल, तर आजच त्याची फ्लॅक करून ठेवा. शेअर करायला हवं तर एमपी३ त्यातून कधीही बनवता येते.