महाग माइक नको, जवळचा हवा

नांदेड-लातूरकडच्या बहुतेक घरांत कुठल्या तरी खणात जुन्या मोबाइलचा वायरवाला हेडफोन गुंडाळून पडलेला असतो. एक कान बंद पडला म्हणून तो बाजूला पडतो. पण त्याच्या बटणाच्या डबीत बसलेला माइक बहुधा शाबूत असतो, कारण त्याची तार वेगळी असते. संगणकासाठी नवा माइक विकत घेण्याआधी हा माइक वापरून पाहावा, असे माझे म्हणणे आहे, आणि त्यामागे केवळ काटकसर नाही. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक घडवला. विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा पातळ पडदा आणि शेजारी एक चिमुकला ट्रान्झिस्टर, एवढाच त्याचा संसार. मोबाइलच्या वायरवाल्या हेडफोनमध्ये सहसा हाच असतो आणि बाजारातल्या स्वस्त कॉलर माइकमध्येही हाच.

मग फरक पडतो कशाने? अंतराने. लॅपटॉपचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो, हेडफोनचा १५ वर. अंतर निम्मे झाले की थेट पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे इथे सुमारे १२ डेसिबलचा फायदा. पंख्याची घरघर मात्र आहे तेवढीच राहते. पारा चाळिशीपार गेल्यावर मराठवाड्यात पंखा-कूलर बंद करून ऑनलाइन तासाला बसा, असे कोण कुणाला सांगणार? तिथे हे १२ डेसिबल महागड्या माइकपेक्षा जास्त कामाचे.

पिन सरळ खोचून मात्र भागत नाही, आणि ‘हे चालतच नाही’ ही तक्रार इथूनच येते. मोबाइलच्या पिनेवर चार भाग असतात: टोकाला डावा कान, मग उजवा, मग सामाईक तार आणि बुडाशी माइक. काही कंपन्यांच्या जुन्या हेडफोनमध्ये शेवटच्या दोघांची अदलाबदल असते. डेस्कटॉपच्या गुलाबी जॅकला माइक टोकावर हवा असतो. तिथे जातो डाव्या कानाचा स्पीकर. यावर सोपा इलाज म्हणजे हेडफोन आणि माइक वेगळे करणारी दोन शेपट्यांची जोडवायर. नव्या लॅपटॉपला एकच सामाईक जॅक असेल तर तिचीही गरज नाही. वायर कापून नवी पिन लावायची तर तीन भागांची घ्यावी, टोक आणि मधले कडे एकत्र जोडून माइकची जिवंत तार तिथे द्यावी, सामाईक तार बुडाला. या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि घरगुती प्रयोग फसतात ते बहुतेक इथेच. आयटीआयमध्ये हात बसलेल्या मुलाला हे किरकोळ काम आहे, पण इतरांनी जोडवायरच घ्यावी.

संगणक जळेल ही भीती अनाठायी आहे. त्या जॅकमधून माइकला मिळणारा दाब काही व्होल्टचाच असतो, तोही रोधकामागून. घूं असा आवाज येतो ही तक्रार मात्र खरी, फक्त दोष माइकला देऊ नये. विजेच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन नुसती नावाला असेल, तर २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यातला ५० हर्ट्झचा अंश डेस्कटॉपच्या पत्र्यावर उतरतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळली की चांगल्या अर्थिंगचाही रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि घूं थांबली, तर दुखणे माइकमध्ये नव्हते हे उघड आहे.

टाइप-सी पिनच्या हेडफोनला पिन आणि जोडवायरीचे वरचे काहीच लागू नाही. त्यांतल्या ज्यांच्या पोटात स्वतःचे साउंड कार्ड असते, ते संगणकाच्या टाइप-सी यूएसबीला थेट चालतात. बाकीचे त्या पोर्टला जोडून मुकेच राहतात.