डेटाबेसचा बॅकअप व दुसऱ्या संगणकावरील पुनर्स्थापना : कळमना बाजाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपुरातील कळमना बाजार आवारात संत्री, मिरची व धान्याची मोठी उलाढाल होते. प्रत्येक सौद्यातून शेतकरी, आडत्या, खरेदीदार, वजन, दर, हमाली व तोलाई यांच्या नोंदी निर्माण होतात. या नोंदी केवळ एकाच संगणकावर असल्या आणि तो संगणक नादुरुस्त झाला, तर शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीची पडताळणी कशाच्या आधारे करावयाची, असा प्रश्न उद्भवतो. बॅकअपचे महत्त्व येथेच स्पष्ट होते.

बॅकअपचे स्वरूप :
सुरू असलेल्या डेटाबेसच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरविणे म्हणजे बॅकअप नव्हे. लिलाव चालू असताना अशी प्रत घेतल्यास सौदा नोंदलेला, परंतु रक्कम खरेदीदाराच्या खात्यात न आलेली, अशी अर्धवट स्थिती जतन होऊ शकते. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘पीजी डम्प’ ही आज्ञा काम न थांबविता एका विशिष्ट क्षणाची सुसंगत प्रत देते. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी तक्त्यांसाठी ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय वापरावा लागतो.

पुनर्स्थापनेतील अडचणी :
१) आवृत्ती : नव्या आवृत्तीतील प्रत जुन्या आवृत्तीत भरली जाईलच, याची शाश्वती नसते.
२) वापरकर्ते : ‘पीजी डम्प’मध्ये वापरकर्त्यांची खाती येत नाहीत, त्यांसाठी ‘पीजी डम्पऑल’ वापरावे लागते.
३) लिपी : नव्या डेटाबेसची संकेतप्रणाली यूटीएफ-८ नसल्यास देवनागरीतील नावे बिघडतात किंवा माहिती भरण्याची क्रियाच थांबते.

एक बोलके उदाहरण :
दि. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ आवृत्तीचे होते. ‘पीजी डम्प’ मात्र ९.२ चे चालविले जात होते. त्यामुळे बॅकअप तयारच होत नव्हते आणि त्याची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कारणास्तव घेतलेल्या प्रतीवरून काम सावरले. मधल्या काळातील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

निष्कर्ष :
दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज बॅकअपवर विसंबणे योग्य नाही. ठरावीक काळाने प्रत वेगळ्या संगणकावर भरावी. एखाद्या दिवसाच्या सौद्यांची संख्या, एकूण वजन व एकूण रक्कम मूळ नोंदींशी ताडून पाहावी. एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी. बॅकअप फक्त रात्री घेतला जात असेल, तर दुपारच्या बिघाडात सकाळचा संपूर्ण लिलाव नाहीसा होऊ शकतो. म्हणून बॅकअपची वेळ ठरविताना किती तासांच्या नोंदी गमावणे परवडेल, याचा विचार प्रथम करावा. या दक्षतेवरच शेतकऱ्याच्या घामाच्या पैशाचा पुरावा अवलंबून असतो.