रैयोली डायनासोर जीवाश्म उद्यान व संग्रहालय

रैयोली डायनासोर जीवाश्म उद्यान व संग्रहालय हे गुजरात राज्यातील महिसागर जिल्ह्यात, बालासिनोर शहराजवळील रैयोली या गावी आहे. येथील खुल्या उद्यानात डायनासोरांचे जीवाश्म मूळ खडकातच पाहावयास मिळतात, तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयात प्रतिकृती व माहितीफलकांद्वारे त्यांची ओळख करून दिली जाते.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

येथील खडक लामेटा शैलसमूहातील असून ते क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या टप्प्यात, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही याच शैलसमूहात डायनासोरांचे अवशेष मिळाले आहेत. रैयोलीच्या खडकांत हाडांबरोबरच अंडीही आढळतात. झिजलेल्या खडकाच्या पृष्ठभागावर त्यांच्या कवचांच्या गोलाकार कडा दिसतात.

राजासॉरस

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात येथे अनेक हाडे गोळा केली. वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती; परंतु कोणते हाड कोठे मिळाले, याचा तपशीलवार नकाशा त्यांनी तयार केला होता. या नकाशाच्या साहाय्याने एकाच प्राण्याची हाडे वेगळी काढता आली. २००३ मध्ये जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'राजासॉरस नर्मदेन्सिस' या मांसभक्षक डायनासोराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या कवटीवर आखूड शिंग होते. २०१० मध्ये येथील आणखी एका मांसभक्षक डायनासोरास गावाच्या नावावरून 'राहिओलीसॉरस' हे नाव मिळाले.

घरट्यातील साप

बालासिनोर परिसरातील धोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना अंडी व नवजात पिलाचे अवशेष असलेला एक दगड मिळाला होता. १९८७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच दगडात सापाचेही मणके आहेत, हे विल्सन यांच्या २००१ मध्ये लक्षात आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या या सापास २०१० मध्ये 'सनाजेह इंडिकस' असे नाव देण्यात आले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला हा साप आणि त्याच्या शेजारचे पिलू यांवरून तो डायनासोरांची पिले भक्ष्य करीत असावा, असे अनुमान संशोधकांनी काढले.

संवर्धनाचे महत्त्व

वरील दोन्ही शोधांत हाडांइतकेच त्यांचे परस्परांतील स्थान महत्त्वाचे ठरले. साप, अंडी व पिलू निरनिराळ्या हाती गेले असते, तर त्यांतील संबंध कायमचा हरवला असता. जागेवरून उचललेला जीवाश्म परत आणून ठेवता येतो. मात्र तो कोणत्या थरात व कशाशेजारी होता, हे नोंदीअभावी पुन्हा कळत नाही. त्यामुळे उद्यान पाहताना आखून दिलेल्या वाटेवरूनच चालावे, खडक खरवडू नये आणि कवचाचा लहानसा तुकडाही सोबत नेऊ नये.