मॅग्नेटोचे अर्थिंग : दोष आणि त्यांचा शोध

नागपूरहून रायपूरचे हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर आहे. प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे सेसना 152 हे दोन आसनी विमान ते सुमारे दीड तासात कापते. असे विमान रायपूरजवळील माना येथील विमानतळावर उतरले, एंजिन थांबले आणि वैमानिकाने किल्ली काढून खिशात ठेवली, म्हणजे आता पंख्याला हात लावण्यास हरकत नाही, असे कोणासही वाटेल. ही समजूत प्राणघातक ठरू शकते. किल्ली खिशात असतानाही एंजिन सुरू होण्यास सज्ज असू शकते.

याचे कारण मॅग्नेटोच्या रचनेत आहे. बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. या यंत्रात लोहचुंबक फिरतो आणि प्राथमिक कुंडलात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. संपर्कबिंदू उघडताच तो प्रवाह एकाएकी खंडित होतो आणि दुय्यम कुंडलात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. बॅटरीची गरज नसते. विमानात बॅटरी निकामी झाली तरी एंजिन चालत राहावे, हाच यातील हेतू होय. अधिक सुरक्षिततेसाठी प्रत्येक एंजिनावर दोन स्वतंत्र मॅग्नेटो बसवलेले असतात.

मग असे यंत्र थांबवावयाचे कसे? प्राथमिक कुंडलापासून एक तार स्विचपर्यंत नेलेली असते. कारागीर तिला ‘पी-लीड’ म्हणतात. स्विच ‘बंद’ केला की ही तार एंजिनाच्या धातूच्या अंगाशी जोडली जाते. संपर्कबिंदू उघडले तरी प्रवाहाला वाट मिळते, तो खंडित होत नाही आणि ठिणगी पडत नाही. यालाच अर्थिंग म्हणतात. घरातील दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. येथे नेमके उलट घडते. पी-लीड तुटली तर स्विच काहीही दर्शवो, मॅग्नेटो जिवंतच राहतो.

पूर्वी फ्लाइंग क्लबांतील अनेक विमानांचा पंखा हाताने फिरवून एंजिन सुरू करीत. पंखा फिरवणाऱ्याचा जीव त्या वेळी या एका तारेवर अवलंबून असे. त्यातच अनेक मॅग्नेटोंना स्प्रिंगची अशी जोड असते की पंखा सावकाश हलवला तरी मॅग्नेटोला झटका बसून जोरदार ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये थोडे पेट्रोल उरले असेल, तर पंखा सहज ढकलणेही पुरेसे होते.

दोषाची पहिली सूचना उड्डाणापूर्वीच्या चाचणीत मिळते. सेसना 152 मध्ये मिनिटाला 1700 फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो आळीपाळीने बंद करतात. फेऱ्या 125 हून अधिक घटू नयेत आणि दोन्ही बाजूंच्या घटीतील फरक 50 हून अधिक असू नये. घट मुळीच झाली नाही, तर नवशिक्याला आनंद होतो. जाणत्याला मात्र संशय येतो. जो मॅग्नेटो गप्प व्हावयास हवा होता, तो बहुधा चालूच असतो. उलट, एका बाजूला एंजिन पूर्णपणे बंद पडले, तर त्या बाजूचा मॅग्नेटो निकामी आहे किंवा त्याची तार कायम धातूला टेकलेली आहे, असे समजावे.

दुसरी चाचणी एंजिन थांबवण्यापूर्वी, मंद गतीवर करतात. स्विच क्षणभर ‘बंद’ केला की एंजिन विझू लागले पाहिजे. ते चालतच राहिले, तर अर्थिंग नाही. अशा वेळी इंधन तोडून एंजिन थांबवावे आणि पंख्यावर सूचनेची पाटी लावावी.

पुढील शोध ओहममापकाने घेतात. प्रथम स्पार्क प्लगच्या तारा काढून ठेवतात, कारण पी-लीड सोडवताच मॅग्नेटो जिवंत होतो. मग पी-लीड मॅग्नेटोपासून सोडवून तिचे टोक आणि एंजिनाचे अंग यांमधील रोध मोजतात. स्विच ‘बंद’ असता तो जवळजवळ शून्य यावा आणि ‘चालू’ असता अनंत. दोन्ही वेळा अनंत आल्यास तार तुटलेली किंवा स्विच बिघडलेला असतो. दोन्ही वेळा शून्य आल्यास आतील तार भोवतीच्या धातूच्या जाळीला टेकलेली असते किंवा स्विच आतून चिकटलेला असतो. स्विचकडील टोक सोडवून पुन्हा मोजले, की दोष तारेत आहे की स्विचमध्ये, हे ठरते. मोजताना तार हलवून पाहणे आवश्यक आहे, कारण कंपनाने झिजलेली तार स्थिर असताना निर्दोष भासते. रेडिओत खरखर वाढली असेल, तर जाळीचा जोड ढिला झाला आहे काय, हेही पाहावे.

दोष नेहमी तारेतच असतो असे नाही. बेंडिक्स बनावटीच्या स्विचांमध्ये किल्ली ‘बंद’ स्थानी असूनही मॅग्नेटो जिवंत राहू शकतो, असे आढळल्यामुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 1976 साली त्यांची नियमित तपासणी सक्तीची केली. झिजलेला स्विच, एंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेले वेष्टण, पावसाळ्यातील ओलाव्याने गंजलेला जोड, दुरुस्तीनंतर घट्ट न केलेला नट, ही सारी कारणे क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांपैकी एकही कारण वैमानिकाला आपल्या आसनावरून दिसत नाही. म्हणून स्विच बंद असो वा किल्ली खिशात असो, उभ्या विमानाचा प्रत्येक पंखा जिवंत आहे असे मानूनच त्याच्याजवळ जावे, हा नियम जगातील सर्व हँगरांत सारखाच पाळावा लागतो.