माकडताप : काजूच्या हंगामातला धोका

दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डिसेंबर ते मे हे रानात जायचे दिवस. काजूच्या बागा साफ करायच्या, बोंडू गोळा करायचे, भाजावळीसाठी पातेरा आणायचा, पावसाळ्याचा लाकूडफाटा जमवायचा. नेमक्या याच महिन्यांत गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण वाढतात. गोचिडीचे आयुष्य कसे चालते ते पाहिले, की यामागचे कारण कळते आणि बचाव कुठे करायचा हेही कळते.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात. क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. म्हणून याचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. २०१५ मध्ये तो सत्तरीत, तर २०१६ मध्ये दोडामार्गात मोठ्या प्रमाणात आढळला.

गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते. पाचोळ्यातल्या अंड्यांतून पावसाळा सरताना सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी किंवा माकडांच्या अंगावर चढतात, रक्त पिऊन खाली पडतात आणि कात टाकतात. आता आठ पायांची झालेली ही मधली अवस्था हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पुन्हा रक्त शोधत असते. माणसाला मुख्यतः तीच चावते. पूर्ण वाढलेली गोचीड पुढे गुरांवर आणि मोठ्या जनावरांवर पोसते. लहानपणी अंगात शिरलेला विषाणू कात टाकल्यावरही टिकून राहतो.

वानर आणि लालतोंडी माकडांच्या रक्तात हा विषाणू झपाट्याने वाढतो. त्या काळात त्यांचे रक्त पिणाऱ्या गोचिडींनाही त्याची लागण होते. माकड मेले की या गोचिडी थंड पडलेले शरीर सोडून आसपास पसरतात, आणि तेवढी जागा सर्वांत धोक्याची बनते. म्हणून मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, ओढून टाकू नये, तिथे गुरे चरायला नेऊ नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवावे, म्हणजे भोवताली कीटकनाशक पावडर मारता येते. हा निरोप वेळेत पोचला, तर माणसे आजारी पडण्याआधीच साखळी तोडता येते.

चावा बसल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या सुरू होतात. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. काही रुग्णांचा ताप उतरून एकदोन आठवड्यांनी पुन्हा चढतो. तेव्हा मान आखडणे, हात थरथरणे, भ्रम होणे अशी लक्षणे दिसू शकतात. शंभरात साधारण ३ ते ५ रुग्ण दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही, पण वेळेवर सलाइन, योग्य देखभाल आणि रक्तस्रावावर लक्ष यांनी बहुतेक जण बरे होतात. माणसाकडून माणसाला हा आजार पसरत नाही, त्यामुळे घरच्या रुग्णापासून दूर पळू नये.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी आणि बूट वापरावेत. आरोग्य खात्याने दिलेले गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला चोळावे. पाचोळ्यावर बसू किंवा झोपू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट पाहावे. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींवर पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार करावेत.

गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये, बोटांनी चिरडू नये. मग जागा साबणाने धुवावी.

पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर घरगुती गोळीवर थांबू नये. ‘मी रानात गेलो होतो, गोचीड चावली होती’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. गोचिडीमुळे होणारा टायफससारखा ताप डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, तर माकडतापाची खात्री रक्ततपासणीने होते. कोणता ताप आहे हे लवकर ठरायला ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.