येलहंका ते नंदी : सायकलवरून वाचता येणारा इतिहास

बंगळुरूच्या उत्तरेस वसलेले येलहंका आज देशाला ठाऊक आहे ते हवाई दलाच्या तळासाठी, तेथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनासाठी आणि रेल्वेच्या चाक कारखान्यासाठी. २००७ मध्ये येथील नगरपालिका बृहन् बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली आणि येलहंका शहराचे उपनगर ठरले. इतिहासाचा क्रम मात्र याच्या उलट आहे. १५३७ मध्ये बंगळुरूचा मातीचा किल्ला बांधणारे पहिले केंपेगौडा हे येलहंक्याच्या नाडप्रभू घराण्यातील होते. म्हणजे बंगळुरूने येलहंका सामावून घेतले असले, तरी मुळात बंगळुरू हीच येलहंकाकरांनी वसविलेली नगरी आहे.

सुटीच्या दिवशी पहाटे सायकलस्वारांचे लहान-मोठे गट उत्तरेकडे निघतात. बहुतेकांचे लक्ष्य असते ते समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंचीची नंदी टेकडी. तिचा वळणावळणाचा चढ हा बंगळुरूच्या सायकलपटूंचा जणू परीक्षेचा घाट आहे. परंतु या प्रवासाचे खरे मोल माथ्यावर नसून वाटेतल्या गावांत आहे. राष्ट्रीय महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्यास ती गावे दिसतही नाहीत. आतल्या रस्त्याने ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्यास मात्र तळ्याचा बांध, शेताच्या कडेला उभा असलेला कोरीव दगड आणि किल्ल्याची तटबंदी यांतील संबंध उमगू लागतो.

गावांची नावे काय सांगतात?

या प्रदेशाचा भूगोल त्याच्या ग्रामनामांत साठवलेला आहे. कन्नड भाषेत ‘हळ्ळी’ म्हणजे गाव, ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर, ‘केरे’ म्हणजे तलाव आणि ‘कुंटे’ म्हणजे लहान तळे. येलहंक्याजवळचे बेट्टहळसूर आणि दोड्डबळ्ळापूर रस्त्यावरील राजानुकुंटे या नावांत या खुणा स्पष्ट दिसतात.

पाण्याच्या नावांनी गावे ओळखली जाण्यास कारण आहे. अर्कावती, दक्षिण पिनाकिनी व पालार या नद्यांचा उगम नंदीच्या डोंगररांगांत होत असला, तरी या पठारावर बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. त्यामुळे पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी आणि ग्रामस्थांनी उतारावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी कालव्यातून खालच्या तलावात उतरत असे. मधला एक कालवा बुजला, तरी खालचे गाव कोरडे पडते. सायकलस्वारास हा उतार नकाशाविना कळतो, कारण तो पायांना जाणवतो.

येलहंक्याच्या पश्चिमेस असलेल्या हेसरघट्ट येथे १८९४ मध्ये अर्कावतीचे पाणी अडवून बंगळुरूला पुरविण्याची योजना आखली गेली. पुढे तो तलाव आटत गेला आणि शहराने दूरवरून कावेरीचे पाणी आणले. अलीकडच्या वर्षांत बंगळुरूचे सांडपाणी प्रक्रिया करून देवनहळ्ळी व चिक्कबळ्ळापूर परिसरातील तलावांत सोडले जात आहे. एके काळी ज्या भागाने शहरास पाणी दिले, त्याच भागाला आता शहराचे वापरलेले पाणी मिळत आहे. या पाण्यामुळे कोरडे तलाव भरले असले, तरी त्यावरील प्रक्रिया पुरेशी नाही, असा शेतकरी संघटनांचा आक्षेप आहे.

वीरगळ : शेताच्या कडेचा दस्तऐवज

महाराष्ट्रातील वाचकांस वीरगळ परिचित आहेत. हा शब्दच कन्नडमधील ‘वीरगल्लु’, म्हणजे वीराचा दगड, या शब्दाशी नाते सांगतो. गावाचे रक्षण करताना किंवा पळवून नेलेली गुरे सोडविताना मरण आलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ असे दगड उभारले जात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. काही दगडांवर लेखही कोरलेला असतो.

येलहंक्याच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेल्या हेब्बाळ येथे २०१८ मध्ये किट्टय्या नावाच्या वीराचा लेख असलेला दगड उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील हा लेख सुमारे इ. स. ७५० चा मानला जातो. म्हणजेच बंगळुरूच्या स्थापनेपूर्वी सुमारे आठशे वर्षे या भूमीत लिहिणारा, लढणारा आणि मृतांची आठवण जपणारा समाज नांदत होता.

बेंजामिन लुईस राईस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेत १९०५ मध्ये बंगळुरू जिल्ह्यातील शिलालेख प्रसिद्ध केले. त्यांत नोंदलेले अनेक दगड आज जागेवर सापडत नाहीत. रस्तारुंदी, घरबांधणी आणि अज्ञान यांत ते नाहीसे झाले. उरलेल्या शिलालेखांची त्रिमितीय छायांकनाद्वारे नोंद करण्याचे काम बंगळुरूच्या मिथिक सोसायटीने २०२१ मध्ये हाती घेतले. गावोगाव फिरणाऱ्या जाणत्या प्रवाशाची नजर अशा कामास पूरक ठरू शकते. दगड हलविणे, त्यावर रंग फासणे वा लेखावर खडू फिरविणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे.

आवती, देवनहळ्ळी आणि मराठी धागा

बेट्टहळसूर आणि दोड्डजाल ही गावे मागे टाकली की येलहंक्यापासून सुमारे २० किलोमीटरवर देवनहळ्ळी लागते. त्यापुढील आवती या गावी केंपेगौडांचे पूर्वज प्रथम स्थायिक झाल्याची परंपरा आहे. आवती घराण्यातील मल्लबैरेगौडा यांनी १५०१ मध्ये देवनहळ्ळीचा मातीचा किल्ला उभारल्याचे सांगितले जाते. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने तो घेतला. त्या वेढ्यात हैदर अलीचे लष्करी कर्तृत्व प्रथम नजरेत भरले. पुढे किल्ल्यास दगडी रूप आले. टिपू सुलतानाचा जन्मही देवनहळ्ळीचाच. आज तटबंदीच्या आत घरे, दुकाने आणि वेणुगोपाल स्वामींचे मंदिर आहे. किल्ला येथे अवशेष नसून वस्ती आहे.

मराठी वाचकांसाठी या प्रदेशाचे आणखी एक महत्त्व आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या मोहिमेत बंगळुरू आदिलशाहीकडे गेले. केंपेगौडांच्या वंशजांनी मागडीचा आश्रय घेतला आणि बंगळुरूची जहागीर शहाजीराजे भोसले यांच्याकडे आली. कोलार, होसकोटे व दोड्डबळ्ळापूर हे परगणेही तिच्यात होते. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळुरू घेईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, हा मुलूख भोसल्यांच्या कारभाराशी जोडलेला राहिला.

पुढे नंदीच्या पायथ्याशी भोगनंदीश्वराचे मंदिर आहे. त्याची सर्वांत जुनी नोंद नवव्या शतकाच्या प्रारंभीची असून पुढील राजवटींनी त्यात भर घातली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संरक्षित केलेल्या या मंदिराची पायऱ्यांची पुष्करिणी विशेष प्रेक्षणीय आहे. जवळच मुद्देनहळ्ळी हे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे जन्मगाव आहे. त्यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासला धरणासाठी स्वयंचलित दरवाजे योजिले. पाण्याच्या टंचाईने घडविलेल्या प्रदेशातील हा पुत्र पाण्याचाच अभियंता झाला, हेही लक्षणीय आहे.

केव्हा जावे, काय पाळावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रवासास उत्तम. येलहंका ते नंदी हे अंतर एका दिशेने ४० किलोमीटरहून अधिक असल्याने पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी बहुतांश अंतर कापावे. हिवाळ्यात पहाटे दाट धुके पडते. त्यामुळे पुढचा व मागचा दिवा अत्यावश्यक आहे. नाचणी व कुळथाच्या सुगीत शेतकरी कापलेले पीक डांबरी रस्त्यावर पसरतात, जेणेकरून वाहनांच्या चाकांखाली मळणी व्हावी. अशा थरावरून सायकल घसरते. तेथे उतरून चालत जाणे शहाणपणाचे. नंदी टेकडीवरील प्रवेशाच्या वेळा व नियम बदलत असल्याने आधी चौकशी करावी.

बदलता रस्ता

२००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून येथील जमिनीचे भाव आणि गावांचे रूप झपाट्याने बदलले. द्राक्षमळे व तुतीची शेते यांच्या शेजारी भूखंडांचे फलक उभे राहिले. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण भागात १३ गावांची १,७७७ एकर जमीन औद्योगिक प्रकल्पासाठी संपादित करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी आंदोलन सुरू केले. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या लढ्यानंतर १५ जुलै २०२५ रोजी राज्य सरकारने संपादन मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या आरंभी नंदी टेकडीवर झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत ‘बंगळुरू ग्रामीण’ जिल्ह्याचे नाव ‘बंगळुरू उत्तर’ करण्याचा निर्णय झाला होता.

एकाच महिन्यातील हे दोन निर्णय या वाटेचे भवितव्य सांगतात. नावातून ‘ग्रामीण’ शब्द गेला, तरी तेरा गावांची शेते तूर्त वाचली. तलावांची साखळी, वीरगळ आणि तटबंदीतली वस्ती ही या गावांसोबतच टिकणारी संपत्ती आहे. बांध फुटला वा दगड हलला, तर ते सर्वांत आधी लक्षात येईल ते गावकऱ्यांच्या आणि त्याच वाटेने पुन:पुन्हा, सावकाश जाणाऱ्या प्रवाशांच्या.