सीतेची वेणी

अमरकोशांत ‘वृक्षादनी’ म्हणजे झाड खाणारी व ‘वृक्षरुहा’ म्हणजे झाडावर उगवणारी, हीं नांवें एकाच वनस्पतीचीं म्हणून दिलीं आहेत. तेथूनच कीं काय, सह्याद्रींतील सीतेची वेणी पुष्कळ लोक बांडगूळ समजून तोडतात. वस्तुतः हें ऑर्किड झाडाचा रस शोषीत नाहीं. नुसता आश्रय घेतें. त्याच्या जाड मुळांवरील स्पंजासारखें पांढुरकें आवरण पावसाचें पाणी टिपून घेतें.

हें न कळल्यामुळें, वादळांत पडलेल्या फांदीवरील एक रोप आम्हीं कुंडींत शेणखत घालून लाविलें, आणि दोन वेळ पाणी घालून महिन्याभरांत कुजविलें! दुसरें मिळालें तें परसांतील आंब्याच्या खरबरीत सालीस काथ्यानें बांधिलें. माती नाहीं, खत नाहीं. विरळ सांवली, खेळता वारा आणि उन्हाळ्यांत सकाळीं पाण्याचा शिडकावा, एवढेंच. तिसऱ्या वर्षीं पावसाच्या तोंडावर जांभळ्या ठिपक्यांचा पांढरा-गुलाबी घोस लोंबला. आसामांत बिहूच्या सणास तरुणी हाच अंबाड्यांत माळतात, हें ऐकून सूनबाईंनीं तो मागितला. पण आम्हीं दिला नाहीं. याचें बीं धुळीसारखें बारीक, अन्नसांठा नसलेलें. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच रुजतें. शेंग धरली कीं नाहीं, हें नातवंडें रोज पाहून येतात.